दोन प्रवाह, सात पूल आणि सहा ठिपके

वाचकहो, इतिहास म्हटला म्हणजे तो दिल्लीचा, रायगडाचा किंवा बगदादचा, आपल्या गावाशी त्याचा काय संबंध, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. म्हणून आरंभ गावापासूनच करतो. चिंचणीत सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक पट शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. दिनेशचंद्र सरकार यांनी तो वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’ या ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. संस्कृत भाषेतील हा लेख राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा आहे. त्यात ‘ताजिक’ कुळातील मधुमती सुगतिप नावाच्या एका अधिकाऱ्याचे वर्णन येते. ताजिक म्हणजे त्या काळच्या भाषेत अरब, मुसलमान. आणि मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप होय. वडिलांचे नाव ‘सहियारहार’ असे कोरले आहे, त्यात आपल्याला शहरयार ऐकू येतो. इंद्राच्या आधीचा राजा दुसरा कृष्ण याने संयान मंडल, म्हणजे आजच्या संजाणचा परिसर, या गृहस्थाच्या हाती सोपविला होता.

या अधिकाऱ्याने आसपासच्या बंदरांचे प्रमुख जिंकले, असे लेख सांगतो. परंतु लढाया जिंकणारे पुष्कळ होऊन गेले. आम्हांला मोल वाटते ते पुढच्या ओळींचे. त्याने दोन प्रवाहांवर मोफत नावेची सोय केली, आणि संजाणला एक अन्नछत्र घातले. तेथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळत असे. त्याच लेखात एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला जमीन दिल्याचीही नोंद आहे, आणि मूळ दानपत्र त्यासाठीच आहे.

आता त्या मोफत नावेकडे जरा लक्ष द्या. नाव पाण्याची रुंदी कमी करीत नाही, की प्रवाहाचा जोर कमी करीत नाही. ती दोन काठ जोडते, एवढेच. ज्याच्याजवळ होडी होती तो आधीही पलीकडे जात होता. ज्याच्याजवळ होडी नव्हती आणि नावाड्याला द्यायला पैसाही नव्हता, त्याच्यासाठी नकाशावर शेजारी दिसणारी दोन गावे प्रत्यक्षात तुटलेली होती. तारापूरची खाडी ओलांडायला पूल नसता तर आपली काय गत झाली असती, याची कल्पना चिंचणीकरांना वेगळी द्यायला नको.

काय कशाला जोडलेले आहे आणि काय तुटलेले आहे, या प्रश्नाचे एक गणित आहे. ते कसे जन्मले, त्यात आपल्या महाराष्ट्राच्या माणसाने काय भर घातली, आणि ज्यांना दिसत नाही किंवा चालता येत नाही अशांशी त्याचा काय संबंध आहे, हे या लेखात सांगावयाचे आहे. गणिताच्या नावाने पालकांनी पान उलटू नये. बेरीज-वजाबाकीपलीकडचे फारसे काही यात येणार नाही.

प्रशियातील कोनिग्सबर्ग शहरात (आज ते रशियात असून कालिनिनग्राद म्हणून ओळखले जाते) प्रेगेल नदीच्या फाट्यांमुळे जमिनीचे चार तुकडे झाले होते, आणि त्यांना जोडणारे सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे सात पूल फिरता येतील काय, अशी लोकांची पैज असे. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३६ च्या निबंधात हे अशक्य असल्याचे सिद्ध केले. त्याने पुलांची लांबी मोजली नाही. प्रत्येक तुकड्याला किती पूल लागतात, तेवढेच मोजले: एकाला पाच, बाकी तिघांना प्रत्येकी तीन. वाटेत लागणाऱ्या तुकड्यात एका पुलाने शिरायचे आणि दुसऱ्याने निघायचे, म्हणून तेथे पूल जोडीजोडीने हवेत. विषम संख्या चालेल ती फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठिकाणी. येथे तर चारही विषम. संपले गणित.

या छोट्या निबंधातून दोन शाखा फुटल्या. आकार ताणला, वाकवला तरी जे बदलत नाही त्याचा अभ्यास म्हणजे टोपोलॉजी. वस्तूंच्या मांडण्या आणि जोडण्या किती व कशा होतात याचा अभ्यास म्हणजे कॉम्बिनेटोरिक्स. ऑयलरनेच पुढे दोघींना बांधणारे एक सूत्र दिले. घरातला फुटबॉल घ्या. बत्तीस तुकड्यांच्या नेहमीच्या फुटबॉलला कोपरे ६०, शिवणी ९० आणि चामड्याचे तुकडे ३२ असतात. ६० मधून ९० वजा करून ३२ मिळवा, २ उरतात. चेंडू कसाही शिवा, तुकडे सलग बसले असतील तर उत्तर २ च येते. हवा काढून चेंडू चेपला तरी २ च!

ऑयलरची दुसरी बाजू विद्यार्थ्यांना फारशी सांगितली जात नाही. तिशीच्या सुमारास त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७६६ च्या सुमारास डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, १७७१ ची शस्त्रक्रिया फसली, आणि तो जवळजवळ पूर्ण आंधळा झाला. त्यानंतर १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तोंडाने सांगत राहिला आणि इतर लिहीत राहिले. याच अंधत्वाच्या काळात, १७७९ साली, त्याने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे एक कोडे ठेवले. सहा पलटणी, प्रत्येकीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे अधिकारी, एकूण ३६. त्यांना सहा रांगांत असे उभे करा की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक पलटणीचा एक आणि प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी येईल.

हा निव्वळ खेळ नव्हे. डहाणूच्या चिकूच्या वाडीत चार प्रकारच्या खतांची परीक्षा घ्यायची आहे असे समजा. एका बाजूने खारा वारा येतो, दुसऱ्या बाजूला जमिनीचा उतार आहे. चांगले खत वाईट जागी पडले तर ते नाहक बदनाम होईल. म्हणून प्रत्येक खत प्रत्येक आडव्या व उभ्या रांगेत एकेकदाच यावे लागते. त्यात चार प्रकारच्या पाणी देण्याच्या पद्धती मिसळा, प्रत्येक खताची प्रत्येक पद्धतीशी एकदाच गाठ पडेल अशा बेताने, की झाले ऑयलरचेच कोडे. चारांसाठी ते सुटते. सहासाठी सुटत नाही असे ऑयलरला वाटले, आणि १०, १४, १८ अशा चाराने भागता दोन उरणाऱ्या कोणत्याही संख्येसाठी सुटणार नाही, असा अंदाज त्याने बांधला. सहाची अशक्यता १९०० मध्ये टॅरी या फ्रेंच गृहस्थाने एकेक मांडणी तपासून दाखविली. बाकीचा अंदाज पावणेदोनशे वर्षे तसाच उभा राहिला. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द, तो चुकेल कसा?

तो चुकला होता, आणि चूक दाखविणाऱ्या तिघांपैकी दोघे भारतीय होते. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ मध्ये सागर येथे मराठी कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण नागपूरला झाले. पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या हाताखाली त्यांनी १९५० मध्ये डॉक्टरेट मिळविली. १९५९ मध्ये बोस व श्रीखंडे यांनी प्रथम २२ च्या चौरसाची मांडणी करून दाखविली. पार्कर या अमेरिकन गणितज्ञाने १० ची करून दाखविली. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की २ आणि ६ सोडून ऑयलरने अशक्य मानलेली प्रत्येक संख्या शक्य आहे. एप्रिल १९५९ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताची बातमी पहिल्या पानावर येणे ही आजही दुर्मिळ गोष्ट आहे. श्रीखंडे पुढे मायदेशी परतले, मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी वारले. आपल्या जिल्ह्यातून रेल्वेने दोन-अडीच तासांवर हा माणूस वर्षानुवर्षे शिकवीत होता, आणि आपल्यापैकी किती जणांनी त्यांचे नाव ऐकले होते?

त्याच १९५९ साली श्रीखंडे यांनी सोळा बिंदूंची एक जोडणी प्रसिद्ध केली. तिला जगभर श्रीखंडे ग्राफ म्हणतात. प्रत्येक बिंदू सहांना जोडलेला, एकूण रेषा ४८. कोणतेही दोन बिंदू घ्या, जोडलेले असोत वा नसोत, त्यांना सामाईक शेजारी बरोबर दोनच. सपाट कागदावर ती काढू गेल्यास रेषा एकमेकींना छेदतातच. परंतु सायकलच्या फुगवलेल्या ट्यूबवर काढली तर एकही रेष दुसरीला छेदत नाही, आणि ट्यूबचा सारा पृष्ठभाग ३२ त्रिकोणांनी भरून जातो. आता ऑयलरचे सूत्र लावा: १६ वजा ४८ अधिक ३२, उत्तर शून्य. चेंडूचे दोन, ट्यूबचे शून्य. मधले भोक संख्येत उतरले. गंमत अशी की फुटबॉलचेही तुकडे ३२ आणि इथले त्रिकोणही ३२.

टोपोलॉजीच्या साहाय्याने कॉम्बिनेटोरिक्सचे प्रश्न सोडविणारी शाखा मात्र आणखी वीस वर्षांनी नावारूपाला आली. पाच मुलांच्या दोघादोघांच्या जोड्या केल्या तर दहा होतात. एका खोलीत अशाच जोड्या ठेवायच्या की त्यांतील कोणत्याही दोन जोड्यांत एक मूल सामाईक असेल. किती खोल्या लागतील? तीन पुरतात, ते घरी करून पाहा. परंतु मुले कितीही असोत, गट कितीही मोठे असोत, यापेक्षा कमी खोल्यांत भागणारच नाही हे सर्वसाधारणपणे सिद्ध कसे करायचे? क्नेसरने १९५५ मध्ये टाकलेला हा प्रश्न हंगेरीच्या लोवास यांनी १९७८ मध्ये सोडविला, आणि तोही गोलाविषयीच्या एका प्रमेयाने. ते प्रमेय असे सांगते की पृथ्वीवर या क्षणी अगदी समोरासमोरची अशी दोन ठिकाणे असलीच पाहिजेत की जेथे तपमान आणि हवेचा दाब दोन्ही सारखे आहेत. खोल्यांचा पृथ्वीशी काय संबंध, हे येथे उलगडणे शक्य नाही. लोवास यांना २०२१ चे आबेल पारितोषिक मिळाले, त्यात दुसरे मानकरी विग्डरसन होते.

पालकांना सांगावयाची गोष्ट आता येते. मॉस्कोत १९०८ मध्ये जन्मलेल्या लेव पोन्त्र्यागिन या मुलाचे डोळे चौदाव्या वर्षी स्टोव्हच्या स्फोटात गेले. आई तात्याना शिवणकाम करणारी, गणिताचा गंधही नसलेली. तिने मुलाला घरात बसवून ठेवले नाही. ती त्याला गणिताची पुस्तके मोठ्याने वाचून दाखवू लागली. चिन्हांची नावे ठाऊक नव्हती, तर जशी दिसतील तशी ती सांगे: ‘शेपट्या खाली’, ‘शेपट्या वर’. मुलगा त्यावरून समजून घेई. हा मुलगा विसाव्या शतकातील टोपोलॉजीच्या अग्रगण्य विद्वानांपैकी एक झाला. फ्रान्सचे लुई आंत्वान पहिल्या महायुद्धात अंध झाले आणि मग टोपोलॉजीकडे वळले. बर्नार्ड मोरँ लहानपणीच दृष्टी गमावलेले. गोल न फाडता उलटा कसा करता येईल, याच्या अभ्यासात त्यांचे नाव मोठे आहे. ज्या शास्त्रात आकार मनाने चाचपायचा असतो तेथे डोळ्यांचे पारडे तितकेसे जड नसते. आंधळे मूल शिकून काय करणार, असे आपल्या घरांत अजूनही विचारले जाते. विचारणाऱ्यांना ही तीन नावे सांगावीत.

आपल्या परंपरेतही याचे दाखले आहेत. बगदादच्या झैनुद्दीन अल्-आमिदी या अंध विद्वानाची हकीकत चौदाव्या शतकातील सफदी याने अंध व्यक्तींच्या आपल्या चरित्रसंग्रहात दिली आहे. आमिदी पुस्तकांचा व्यापार करीत. कागदाच्या बारीक सुरळ्या करून त्यांची अक्षरे बनवायची, अबजद हिशेबाने त्यांत पुस्तकाची किंमत मांडायची, आणि ती पुस्तकाच्या आत चिकटवायची, अशी त्यांची रीत होती. बोट फिरवले की किंमत कळे. लुई ब्रेलच्या जन्माआधी सुमारे पाचशे वर्षांची ही गोष्ट.

ब्रेलचा जन्म १८०९ चा. वडिलांच्या चामडे कामाच्या हत्याराने बालपणी त्याचे डोळे गेले. त्याच्या शाळेत बार्बिए नावाच्या लष्करी गृहस्थाने बारा ठिपक्यांची लिपी आणली होती. बारा ठिपके म्हणजे ४०९६ आकृत्या, श्रीमंती खूपच. पण एवढा मोठा आकार बोटाच्या पेराखाली मावत नाही. पंधरा वर्षांच्या ब्रेलने १८२४ मध्ये बारांचे सहा केले. प्रत्येक ठिपका असेल किंवा नसेल, म्हणून दोनला सहा वेळा गुणायचे, ६४ आकृत्या. रिकामी सोडली तर ६३. जगातल्या भाषा, आकडे आणि संगीत एवढ्यांत बसविले गेले आहे.

आपल्या देशात पूर्वी अनेक ब्रेल लिप्या चालत. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था निघाली. भारती ब्रेलचे तत्त्व साधे आहे: लिपी कोणतीही असो, ध्वनी एक तर आकृती एक. म्हणजे मराठीचा क, गुजरातीचा क आणि उर्दूचा काफ, तिन्हींचे ठिपके तेच. उर्दू उजवीकडून की मराठी डावीकडून हा वाद बोटापाशी मिटतो, कारण ब्रेल डावीकडूनच वाचतात. ज्या मुलाने आपल्या शाळेत मराठी ब्रेल शिकले, त्याला उर्दूचे बहुतेक ठिपके आधीच येतात. डोळसांना हे भाग्य लाभलेले नाही.

परंतु येथेच एक अडचण आहे, आणि होऊ घातलेल्या इंजिनिअरांनी ती नीट ऐकावी. आकृतीतील डाव्या बाजूच्या ठिपक्यांना वरून खाली १, २, ३ आणि उजव्या बाजूच्यांना ४, ५, ६ असे क्रमांक आहेत. क म्हणजे १ आणि ३. त्यात ४ मिळवा, म झाला. आणखी ५ मिळवा, न झाला. म्हणजे ‘कान’ला एक ठिपका जास्त पडला तर ‘मान’ आणि ‘मान’ला एक जास्त पडला तर ‘नान’! हसायला ठीक आहे. पण ल म्हणजे १, २, ३ आणि ब म्हणजे १, २. बाटलीवर ‘लाल औषध’ उठवताना एक ठिपका दबला की बोट ‘बाल औषध’ वाचते. युरोपीय संघाने औषधांच्या खोक्यांवर नाव ब्रेलमध्ये देण्याचा नियम २००४ साली केला. तेथे ठिपक्याची उंची ही सौंदर्याची नव्हे, सुरक्षिततेची बाब आहे.

यंत्रे आपापसांत बोलतात तेव्हा अशी चूक पचविण्याची सोय करता येते. संदेशाची चिन्हे एकमेकांपासून दूर दूर ठेवायची, म्हणजे एकदोन खुणा बिघडल्या तरी मूळ अक्षर ओळखू येते. हे काम पुन्हा कॉम्बिनेटोरिक्सचेच. बोस आणि श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये अशा संकेतांवर निबंध लिहिला. बोस व रायचौधुरी यांनी १९६० मध्ये जे संकेत शोधले, त्यांच्याच घराण्यातले संकेत सीडीत वापरले जातात. सीडीवर ओरखडा पडूनही आवाज स्वच्छ येतो तो त्यामुळे, आणि अंध विद्यार्थ्यांची बोलकी पुस्तके पुष्कळ वर्षे सीडीवरच येत होती. ब्रेलमध्ये मात्र असे अंतर ठेवायला जागा नाही. ६४ घरे जवळजवळ सगळी भरलेली. मग चूक पकडायची कोणी? वाचणाऱ्याला छापील मजकुराशी ताडून पाहता येत नाही. म्हणून ते काम करणाऱ्याचे. आपल्या भाषेत याला अमानत म्हणतात.

आमिद नगरातच इसवी सन १२०६ मध्ये अल्-जझरी या कारागिराने आपला यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. वुजूच्या वेळी नोकराने हातावर पाणी घालावे हे त्याच्या सुलतानाला आवडत नसे, म्हणून त्याने आपोआप पाणी सोडणारे पात्र बनविले. दुसऱ्याच्या हातावर अवलंबून राहण्याचा संकोच सुलतानालाही होता, मग इतरांना किती असेल! पूर्वसूरींची पुष्कळ यंत्रे कागदावरच राहिली, प्रत्यक्ष तपासली गेली नाहीत, अशी तक्रारही जझरीने लिहून ठेवली आहे.

जयपूर फूटची कथा अनेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. परदेशी कृत्रिम पाय मजबूत होता, पण तो बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यासाठी होता. आपल्याकडे माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, चिखलात अनवाणी चालतो, नमाजला गुडघे टेकतो. १९६८-६९ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा, सर्व बाजूंनी वाकणारा पाय तयार केला. त्याचे पेटंट घेतले नाही. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचे नाव पुष्कळदा मागे राहते, म्हणून येथे आधी घेतले.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. १९९५ चा कायदा झाला, त्याजागी २०१६ चा अधिक व्यापक कायदा आला. तरी सरकारी वा खाजगी इमारत बांधताना प्रथम तीन पायऱ्या चढवायच्या आणि उतार ‘नंतर बघू’ म्हणायचे, हा प्रकार थांबलेला नाही. ऑयलरच्या पद्धतीने अशा इमारतीचा नकाशा काढून पाहा. खोल्या म्हणजे बिंदू, दारे म्हणजे रेषा. आता चाकाच्या खुर्चीवरील मुलासाठी पायऱ्यांच्या रेषा खोडून टाका. वाचनालय, प्रयोगशाळा, संडास, कोणते बिंदू सुटे पडले ते कागदावर लगेच दिसेल. विद्यार्थ्यांनी हे आपल्या शाळेपासून सुरू करावे आणि नकाशा मुख्याध्यापकांना दाखवावा.

आणि सुटीत करण्यासाठी एक उद्योग. सायकलची जुनी ट्यूब थोडी फुगवून घ्या. तिच्यावर लांबीच्या दिशेने सारख्या अंतरावर चार कडी कल्पा आणि प्रत्येक कड्यावर चार ठिपके द्या, एकूण सोळा. प्रत्येक ठिपका त्याच कड्यावरील दोन शेजाऱ्यांना जोडा, मग पुढच्या आणि मागच्या कड्यांवरील समोरच्या ठिपक्यांना जोडा. शेवटी प्रत्येक चौकोनात एकच तिरपी रेष द्या, सगळ्या एकाच दिशेने कललेल्या. ४८ रेषा आणि ३२ त्रिकोण भरले पाहिजेत. शाईऐवजी ठिपक्यांच्या जागी साबुदाणा आणि रेषांच्या जागी दोरा चिकटवलात, तर ज्याला दिसत नाही असा तुमचा मित्रही ते मोजून तपासू शकेल. ट्यूबच्या खालच्या बाजूच्या रेषा तुमच्या नजरेआड असतील, त्याच्या बोटाला मात्र सगळ्या सारख्याच लागतील.